फायबर आणताना वेगाआधी वाट ठरवा

“गावात फायबर आले, तरी रात्री आठनंतर व्हिडिओ अडकतोच. असे का?” “ग्रामपंचायतीत भारतनेटची पेटी बसवली आहे. तिच्यावरून शाळेला आणि आरोग्य उपकेंद्राला जोडणी घेता येईल का?” “कॉलेजच्या चार इमारती जोडायच्या आहेत. विक्रेता म्हणतो, तांब्याची केबल स्वस्त पडेल. घ्यावी का?” अहिल्यानगर जिल्ह्यातील सरपंच, संस्थाचालक, एमआयडीसीतले उद्योजक आणि केबल व्यावसायिक हेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात.

या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी बहुधा एकच घोटाळा असतो. बोलणी सुरू होतात ती वेगापासून: १०० एमबीपीएस की ३००? केबल कोणत्या वाटेने येते, ती तुटली तर दुसरी वाट कोणती, हे शेवटी विचारले जाते किंवा विचारलेच जात नाही. खरे तर वेग वाढवणे सोपे आहे. दोन्ही टोकांची यंत्रे बदलली की तेच फायबर दसपट वेग देऊ लागते. चुकीच्या वाटेने पुरलेली केबल मात्र पुन्हा उकरावी लागते, आणि सगळ्यात जास्त पैसा खोदाईतच जातो. म्हणून कोणत्याही कोटेशनवर सही करण्याआधी पुढील टप्पे क्रमाने तपासा.

१. तुमचे काम कोणत्या प्रकारचे, ते आधी ओळखा

- एक आवार: कॉलेज, रुग्णालय, साखर कारखाना, बाजार समिती, कारखान्याचे शेड. जागा तुमची, केबल तुमची. स्वतःच्या आवारात अंतर्गत जाळे टाकायला दूरसंचार परवाना लागत नाही.
- एक गाव किंवा वाड्यांचा समूह: एका ठिकाणाहून घरोघरी जोडण्या द्यायच्या. इथे परवाना, रस्त्याची परवानगी आणि वीज असे तिन्ही प्रश्न येतात.
- शहर किंवा तालुका: अनेक गावांचे किंवा प्रभागांचे जाळे एकत्र बांधून पुणे-मुंबईकडे न्यायचे. इथे दुसरी वाट असणे हीच पहिली अट.

पहिल्या प्रकाराचे काम तिसऱ्या प्रकारच्या यंत्रांनी करू नका. पैसे वाया जातात. तिसऱ्या प्रकाराचे काम पहिल्या प्रकारच्या स्विचवर तर मुळीच भागवू नका.

२. जोडण्या मोजू नका, गर्दीची वेळ मोजा

सगळी घरे एकाच क्षणी पूर्ण वेगाने डेटा ओढत नाहीत. आखणीच्या व्यवहारात गर्दीच्या वेळी, म्हणजे साधारण रात्री आठ ते अकरा, प्रत्येक घरगुती जोडणीमागे सरासरी २ ते ३ एमबीपीएस धरले जातात. ५०० जोडण्या असतील तर १ ते १.५ जीबीपीएस मागणी होते. मागची लाइन, म्हणजे बॅकहॉल, २ जीबीपीएसची असेल तर श्वास घ्यायला जागा राहते. ५०० घरांना १०० एमबीपीएसचे प्लॅन विकून मागे ५०० एमबीपीएसच आणले असतील, तर रात्री व्हिडिओ अडकणारच. त्यात फायबरचा दोष नाही.

तीन गोष्टी लक्षात ठेवा:

- बॅकहॉलचा आलेख दर आठवड्याला पाहा. गर्दीच्या वेळी वापर ७० टक्क्यांवर जाऊ लागला की क्षमता वाढवण्याची मागणी नोंदवा. शंभर टक्के भरेपर्यंत थांबलात तर मधले महिने ग्राहक तुम्हालाच बोल लावतील.
- शिर्डी किंवा शनिशिंगणापूरसारख्या ठिकाणी रोजची सरासरी फसवी ठरते. रामनवमी, गुरुपौर्णिमा, शनी अमावास्या यांची गर्दी धरून बॅकहॉलमध्ये तात्पुरती वाढ देण्याची अट करारातच घाला.
- जाळे कशासाठी वापरले जाणार, ते लिहून काढा: सीसीटीव्ही, दूध संकलन केंद्र, ऑनलाइन वर्ग, कारखान्याचे सर्व्हर. सीसीटीव्हीचा भार डाउनलोडवर नसतो, तो अपलोडवर येतो. प्लॅन घेताना हेच नेमके राहून जाते.

गरजांची अशी यादी किती महत्त्वाची, ते वारणा परिसरातल्या अनुभवाने दाखवले आहे. कोल्हापूर-सांगली भागातील ७० गावांसाठी १९९८ मध्ये ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. पुढे संशोधकांनी तिथला वापर तपासला, तेव्हा संगणक मुख्यतः उसाच्या नोंदी पाहण्यापुरतेच वापरले जात असल्याचे दिसले. तेवढे काम मोबाइलच्या एसएमएसवरही होऊ शकते, हे त्यांनी काही गावांत करून दाखवले. गरज आधी लिहिली की मांडणी आपोआप बेताची होते.

३. मांडणी: साखळी स्वस्त, वर्तुळ टिकाऊ

तालुका पातळीवर मुख्य पर्याय तीन.

- साखळी: एका गावातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. केबल कमी लागते, पण पहिल्या गावाजवळ जेसीबीचा एक फटका बसला की पुढची सगळी गावे बंद.
- तारा: मध्यवर्ती ठिकाणाहून प्रत्येक गावाला वेगळी केबल. दोष शोधणे सोपे, पण खर्च जास्त आणि प्रत्येक गावाला वाट एकच.
- वर्तुळ किंवा रिंग: गावे एका फेरीत जोडलेली. एका जागी तुटले तर वाहतूक उलट्या दिशेने जाते. रिंग संरक्षणाची ईआरपीएस पद्धत नीट बसवली तर हा बदल ५० मिलिसेकंदांच्या आत होतो. चालू असलेला फोनही तुटत नाही.

भारतनेटचा अनुभव याच दिशेने बोट दाखवतो. २०११ मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क म्हणून मंजूर झालेल्या या योजनेच्या पहिल्या टप्प्यात तालुक्यापासून ग्रामपंचायतीपर्यंत एकेरी वाट होती. एका जागी तुटले की पुढची गावे मुकी. ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर झाला, त्यात तालुका ते ग्रामपंचायत ही मांडणी वर्तुळाकार ठरवण्यात आली.

आपल्या जिल्ह्यात वर्तुळ आखणे उत्तरेला सोपे आहे. नगर, राहुरी, कोल्हार, बाभळेश्वर, श्रीरामपूर, नेवासे, घोडेगाव आणि परत नगर अशी फेरी घ्या. रस्ते वेगळे आहेत आणि प्रवरा दोन वेगळ्या ठिकाणी ओलांडली जाते. हेच या मांडणीचे बळ. जामखेड, कर्जत, पाथर्डीकडे गावे विरळ आहेत. तिथे मोठे वर्तुळ आणि त्यातून निघणारे छोटे फाटे असा मेळ घालावा लागतो. अकोले तालुक्याच्या डोंगराळ पश्चिम भागात दुसरी केबल नेणे परवडत नसेल, तर ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील विनापरवाना रेडिओ दुवा राखीव म्हणून ठेवा. त्याचा वेग कमी मिळेल, पण ग्रामपंचायत आणि आरोग्य केंद्र चालू राहील.

कागदावरच्या वर्तुळापासून सावध राहा. नकाशावर फेरी दिसते, पण दोन्ही बाजूंच्या केबल एकाच चरातून किंवा एकाच पुलावरून गेलेल्या असतात. असे वर्तुळ खरे म्हणजे साखळीच. पुरवठादाराकडून अक्षांश-रेखांशांसह मार्गाचा नकाशा मागा आणि पूल, रेल्वे फाटक, कालवा यांपैकी एकही जागा दोन्ही वाटांना सामाईक नाही, याची खात्री करा.

बाहेर जाणाऱ्या जोडणीलाही हाच नियम लावा. एक वाट पुणे-दौंड बाजूने असेल तर दुसरी मनमाड-नाशिक बाजूने घ्या. दौंड-मनमाड रेल्वेमार्ग जिल्ह्याच्या पोटातून जातो आणि रुळांच्या कडेने फायबर टाकणारी रेलटेल ही सार्वजनिक कंपनी २००० पासून काम करते. त्यामुळे रस्त्याकडेच्या केबलला पर्याय म्हणून तिच्याकडे चौकशी करणे योग्य. दोन वेगळ्या कंपन्यांकडून लाइन घेतली म्हणजे वाटा वेगळ्या झाल्या, असे समजू नका. अनेकदा दोघीही एकाच तिसऱ्या कंपनीचे फायबर भाड्याने घेतात.

४. घरापर्यंतचा टप्पा: प्रकाशाचा हिशेब

गावातल्या घरोघरच्या जोडण्यांसाठी जीपॉन ही पद्धत सर्वाधिक रुळलेली आहे. गावातील नळ योजनेप्रमाणे मुख्य लाइन एक आणि तिचे फाटे अनेक. केंद्रातील यंत्राला ओएलटी, घरातील यंत्राला ओएनटी आणि मधल्या फाटे पाडणाऱ्या डबीला स्प्लिटर म्हणतात. स्प्लिटरला वीज लागत नाही. भारनियमनाच्या गावात हा मोठाच फायदा.

जीपॉनच्या एका पोर्टवर उतरता वेग सुमारे २.५ जीबीपीएस आणि चढता वेग सुमारे १.२५ जीबीपीएस असतो. एका पोर्टवर ३२ घरे जोडली आणि सगळ्यांनी एकाच वेळी पूर्ण मागणी केली, तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ७८ एमबीपीएस येतात. ६४ घरे जोडली तर त्याच्या निम्मे.

वेगाआधी पाहायचा तो प्रकाश. प्रत्येक किलोमीटर, प्रत्येक जोड आणि प्रत्येक स्प्लिटर थोडा प्रकाश खातो. हे नुकसान डेसिबलमध्ये, म्हणजे डीबीत मोजतात. समजा, ओएलटी तालुक्याच्या गावी आहे आणि तुमचे गाव १२ किलोमीटरवर:

- केबल: १२ किमी × ०.३५ = ४.२ डीबी
- १:४ स्प्लिटर: ७.२ डीबी
- १:८ स्प्लिटर: १०.५ डीबी
- स्प्लायसिंगचे १० जोड × ०.१ = १ डीबी
- ४ कनेक्टर × ०.५ = २ डीबी
- एकूण: २४.९ डीबी

यात पुढील तुटफुटीसाठी ३ डीबी राखून ठेवा. बेरीज २७.९ होते. सर्वसाधारण ‘बी प्लस’ दर्जाच्या ऑप्टिक्सची मर्यादा २८ डीबी आहे, म्हणजे गणित अगदी काठावर आले. इथे दोनच मार्ग: ३२ डीबी झेपणारी ‘सी प्लस’ ऑप्टिक्स घ्या किंवा ओएलटी गावाजवळ आणा. कोणी खर्च वाचवायला १:४ ऐवजी दुसराही १:८ स्प्लिटर लावून ६४ घरे सुचवली तर नुकसान २८.२ डीबी होते, आणि राखीव धरण्याआधीच मर्यादा ओलांडली जाते. विक्रेत्याकडून हा हिशेब लेखी मागा. जो देणार नाही, त्याला काम देऊ नका.

केबलमध्ये किती कोअर, म्हणजे फायबरचे धागे, घ्यावेत? गावाला आज दोन कोअर पुरत असतील तरी मुख्य वाटेवर २४ कोअरची केबल टाका. शहराच्या मुख्य मार्गावर ४८ किंवा ९६. जादा कोअरची किंमत खोदाईच्या मानाने किरकोळ असते. फायबर एकल-मोडचेच घ्या: बाहेर जी.६५२डी आणि घरात वळणे सोसणारे जी.६५७ए. पुढे १० जीबीपीएसचे एक्सजीएस-पॉन आणायचे ठरले तर ते याच फायबरवर, जुन्या जीपॉनसोबत चालते. केबल बदलावी लागत नाही.

५. आवारातील जाळे: तांबे कुठे थांबवायचे

राहुरीच्या कृषी विद्यापीठासारखी पसरलेली आवारे, साखर कारखाने, मोठी रुग्णालये यांच्यासाठी नियम सोपे आहेत.

- इमारतीच्या आत तांब्याची कॅट-६ केबल चालते, पण तिची मर्यादा १०० मीटर आहे.
- इमारत ते इमारत नेहमी फायबरच टाका. दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये फरक असतो आणि उन्हाळी वळवाच्या विजा तांब्यातून थेट स्विचमध्ये शिरतात. तांब्याची केबल स्वस्त पडते ती पहिल्या वादळापर्यंतच.
- आवारातही एकल-मोड फायबर घ्या. ओएम३ बहु-मोडवर १० जीबीपीएस सुमारे ३०० मीटरच जाते. एकल-मोडवर तेच नेहमीच्या मॉड्यूलने १० किलोमीटर जाते.
- मुख्य इमारतीतून प्रत्येक इमारतीला किमान १२ कोअर द्या आणि सर्व्हर असलेल्या इमारतीला दोन वेगळ्या बाजूंनी केबल न्या.
- सीसीटीव्ही, कार्यालय आणि पाहुण्यांचे वायफाय यांची जाळी स्विचवर वेगळी करा. एकच उघडे जाळे म्हणजे विद्यार्थ्याच्या मोबाइलमधून लेखा विभागापर्यंत सरळ रस्ता.

सार्वजनिक रस्ता ओलांडून संस्थेच्या दुसऱ्या जागेत जायचे असेल, तर स्वतः केबल ओढू नका. परवानाधारक कंपनीकडून लीज लाइन (फक्त तुमच्यासाठी राखलेली जोडणी) किंवा डार्क फायबर (यंत्रांशिवाय भाड्याने मिळणारे नुसते फायबर) घेणे हा सरळ मार्ग.

६. जमिनीखालून की खांबावरून?

जमिनीखालून नेताना सर्वसाधारण मातीत १.६५ मीटर खोलीवर एचडीपीई डक्ट टाकण्याची भारतनेट-बीएसएनएलची पद्धत आहे. आपल्याकडे दोन अडचणी आहेत. गोदावरी-प्रवरेच्या पट्ट्यातली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. उथळ पुरलेली केबल त्यात ताणली जाते. अकोल्याच्या बाजूला कठीण कातळ लागतो आणि पूर्ण खोली मिळत नाही. तिथे लोखंडी पाइप किंवा काँक्रीटचे कवच घ्यावे लागते. ठेकेदाराने “खडक लागला” म्हणून दीड फुटावर केबल टाकली, तर त्या तुकड्याची वेगळी नोंद, छायाचित्र आणि कवच यांशिवाय बिल मंजूर करू नका. डक्टवर सूचना देणारी पट्टी, रस्त्याकडेला मार्गदर्शक दगड आणि एक मोकळी जादा डक्ट हव्यातच.

खांबावरून नेणे लवकर आणि स्वस्त होते, पण:

- महावितरणच्या खांबावर परवानगीशिवाय केबल टांगू नका. ती कधीही उतरवली जाऊ शकते आणि लाइनमनच्या जिवालाही धोका असतो.
- धातू नसलेली एडीएसएस केबलच वापरा.
- गळीत हंगामात उसाने शिगोशीग भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यावरच्या केबल ओढून नेतात. रस्ता ओलांडताना केबल किमान साडेपाच ते सहा मीटर उंच ठेवा आणि कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर शक्य तिथे ओलांडणी जमिनीखालूनच करा.
- ठरावीक अंतरावर १५ ते २० मीटरचा लूप ठेवा. तुटल्यावर ओढून जोडायला केबल उरली नाही, तर एकाऐवजी दोन जोड द्यावे लागतात.

गावाबाहेर जमिनीखालून आणि गावठाणात खांबावरून, हा मेळ बहुतेक ठिकाणी परवडतो.

७. परवानगी कोणाकडे मागायची?

दूरसंचार मार्गाधिकार नियम, २०२४ हे १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत. त्यांनुसार सार्वजनिक जागेवरील अर्ज ठरलेल्या मुदतीत निकाली काढणे संबंधित कार्यालयावर बंधनकारक आहे. अर्ज ऑनलाइनच करा. मे २०२२ मध्ये सुरू झालेले गतिशक्ती संचार पोर्टल त्यासाठीच आहे. जागेनुसार कार्यालय बदलते:

- राष्ट्रीय महामार्ग: राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण किंवा तो रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे तो विभाग
- राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग: सार्वजनिक बांधकाम विभाग
- ग्रामीण रस्ते: जिल्हा परिषद
- गावठाण किंवा शहर: ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा अहिल्यानगर महानगरपालिका
- मुळा, प्रवरा, कुकडीचे कालवे: जलसंपदा विभाग
- रेल्वे ओलांडणी: मध्य रेल्वे
- कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आणि इतर वनजमीन: वन विभाग
- खासगी शेत: मालकाशी लेखी करार. तोंडी होकार पुढच्या नांगरटीपर्यंतच टिकतो.

सरपंचांसाठी एक सूचना. पाइपलाइन, गटार किंवा रस्त्याचे काम करणाऱ्या ठेकेदाराने खोदण्याआधी पूर्वसूचना देणे नियमाने आवश्यक आहे. मार्च २०२३ मध्ये सुरू झालेले ‘कॉल बिफोर यू डिग’ अॅप त्यासाठी आहे. जलजीवन मिशनच्या नळ जोडणीपासून रस्ता रुंदीकरणापर्यंत प्रत्येक कार्यादेशात ही अट घाला. त्याच चरात एक रिकामी डक्ट टाकून घेतली, तर पुढची खोदाईच वाचते.

८. जोडणी कोणाकडून? चार पर्याय

1. भारतनेट: महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचे काम राज्य सरकारच्या महाआयटीकडे आले. योजनेत ग्रामपंचायतीच्या जोडणीबरोबरच बँडविड्थ आणि डार्क फायबर भाड्याने देण्याची सोय आहे. तुमच्या ग्रामपंचायतीतील पेटी चालू आहे का, ते आधी पाहा. बंद असेल तर तक्रार नोंदवा आणि शाळा, अंगणवाडी, उपकेंद्र यांच्या जोडणीचा ठराव ग्रामसभेत करून तो विकास आराखड्यात घ्या.
2. बीएसएनएल किंवा खासगी कंपनीचा स्थानिक भागीदार: केबल व्यावसायिकांसाठी सोपा मार्ग. परवाना कंपनीचा, घरापर्यंतची केबल तुमची, उत्पन्नात वाटा. करार संपल्यावर केबल कोणाची, हे लिहून घ्या.
3. स्वतःचा इंटरनेट परवाना: परवान्याचे वर्ग तीन. ‘क’ वर्ग साधारण जिल्ह्याएवढ्या क्षेत्रासाठी, ‘ब’ राज्य पातळीवर, ‘अ’ देशभर. ‘क’ वर्गाचा खर्च कमी असला तरी वापराच्या नोंदी जपण्यासह सगळ्या जबाबदाऱ्या तुमच्यावर येतात.
4. पीएम-वाणी: डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या या व्यवस्थेत किराणा दुकानदार, चहावाला किंवा बचत गटही सार्वजनिक वायफाय देऊ शकतो. त्याला परवाना लागत नाही आणि नोंदणी शुल्कही नाही. त्याने नोंदणीकृत एकत्रकाशी जोडून घ्यायचे असते. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या जून २०२५ च्या आदेशानुसार २०० एमबीपीएसपर्यंतच्या फायबर प्लॅनसाठी अशा दुकानदाराकडून घरगुती दराच्या दुपटीहून जास्त आकारता येत नाही.

धोका इथे आहे: घरगुती जोडणी घेऊन ती शेजाऱ्यांना पैसे घेऊन वाटणे बेकायदा आहे. त्या जोडणीवरून कोणी गुन्हा केला तर पोलीस पहिल्यांदा तुमच्या दारात येतात. वाटायचेच असेल तर पीएम-वाणी घ्या.

९. करारात हे लिहून घ्या

- उपलब्धता: ९९.५ टक्के म्हणजे ३० दिवसांच्या महिन्यात ३ तास ३६ मिनिटे बंद चालेल, ९९.९ टक्के म्हणजे सुमारे ४३ मिनिटे. टक्क्यांपेक्षा तास लिहून घ्या आणि ओलांडल्यास किती वजावट, तेही.
- दुरुस्तीची वेळ: तक्रार नोंदल्यापासून किती तासांत. रात्री आणि सणाच्या दिवशीही.
- वेगाची हमी: लीज लाइनला १:१ वेग, घरगुती प्लॅनला नाही. दोन्हींच्या दरातला फरक त्यामुळेच आहे.
- मार्गाचा नकाशा: दोन्ही वाटा वेगळ्या असल्याची लेखी हमी, आणि मार्ग बदलल्यास पूर्वसूचना.
- डार्क फायबर: मुदत, दुरुस्तीचा खर्च कोणाचा, आणि कंपनी विकली गेल्यास करार कायम राहील का.
- वीज: ओएलटीच्या जागी बॅटरी किती तासांची, अर्थिंगची तपासणी वर्षातून किती वेळा.

१०. काम ताब्यात घेताना

- प्रत्येक कोअरची ओटीडीआर चाचणी दोन्ही टोकांनी करून घ्या आणि त्या फाइली जपून ठेवा. पुढे तुटले तर नेमके कितव्या मीटरवर, हे त्यावरूनच कळते.
- चार-पाच घरांत पॉवर मीटर लावून पाहा. ओएनटीवर उणे १५ ते उणे २५ डीबीएम असावे. बी प्लसच्या ओएनटीवर उणे २७ च्या खाली गेले की जोडणी पावसाळ्यात डळमळते.
- वर्तुळ असेल तर ताबा घेण्याआधी एका बाजूचे फायबर मुद्दाम काढून पाहा. जाळे चालू राहिले नाही, तर शेवटचा हप्ता देऊ नका.
- जोडपेट्यांचे स्थान, कोअरचे रंग आणि लूप यांचा नकाशा ग्रामपंचायतीच्या किंवा संस्थेच्या दप्तरी ठेवा. ठेकेदाराच्या मोबाइलमधला नकाशा तुमचा नसतो.
- उघड्या फायबरच्या टोकात कोणालाही डोकावू देऊ नका. आतला लेझर दिसत नाही, पण डोळ्याला इजा करतो. तुटलेले काचेचे तुकडे डबीत जमा करायला लावा.

घरात ओएनटीवर लाल ‘लॉस’ दिवा लागला तर फायबर तुटले आहे किंवा निघाले आहे. वायफाय बंद-चालू करून उपयोग नाही. हिरवा दिवा स्थिर असूनही वेग मिळत नसेल तर आधी लॅन केबल लावून तपासा. अनेकदा दोष जाड भिंतीमागच्या वायफायचा निघतो.

११. ग्राहक म्हणून तुमचे हक्क

- जाहिरातीतल्या ‘ब्रॉडबँड’ या शब्दाला भुलू नका. जानेवारी २०२३ पासून सरकारी व्याख्येत किमान २ एमबीपीएस एवढाच वेग अपेक्षित आहे. प्लॅनचा वेग, डेटा मर्यादा आणि मर्यादा संपल्यावरचा वेग हे तिन्ही विकण्याआधी सांगणे कंपनीवर बंधनकारक आहे.
- तक्रार नेहमी कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंदवा आणि तक्रार क्रमांक घ्या. केबलवाल्याला केलेला फोन तक्रार ठरत नाही.
- निवारण समाधानकारक नसेल तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करा. ते ३९ दिवसांत निकाली निघायला हवे आणि त्याला शुल्क नाही.
- राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.
- दूरसंचार ग्राहकाला ग्राहक आयोगात जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.
- नवी इमारत बांधताना बिल्डरकडून सगळ्या कंपन्यांना वापरता येईल अशी सामाईक डक्ट मागा. एकाच कंपनीची केबल भिंतीत पुरली की पुढे दर तीच ठरवते.

हे सगळे एका दिवसात होणार नाही, पण सुरुवात एका कागदापासून होते. येत्या ग्रामसभेत किंवा संस्थेच्या बैठकीत तीन प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्या: आपली केबल कोणत्या वाटेने येते, ती तुटली तर दुसरी वाट कोणती, आणि जमिनीतले फायबर कोणाच्या मालकीचे? या तिन्हींची लेखी उत्तरे हातात येईपर्यंत एमबीपीएसच्या कोणत्याही आकड्यावर सही करू नका.